बिभा : डोळ्यांस न दिसणारा एक तारा

जगांत जें चकाकतें त्याकडे सर्वांची दृष्टि जाते आणि जें चकाकत नाहीं तें क्षुद्र ठरतें, हा लोकव्यवहार फार जुना आहे. बाजारांत भांडें घेतांना आपण लखलखीत तेंच आधीं उचलतों. सभेंत मोठ्यानें बोलणाऱ्याकडे माना वळतात. आणि रात्रीं अंगणांत बाजेवर पडून वर पाहिलें तर शुक्र, व्याध, अगस्ति हींच नांवें प्रथम तोंडीं येतात. यांत दोष कोणाचा नाहीं. डोळ्याचा धर्मच तसा आहे. परंतु डोळ्याचा धर्म हाच बुद्धीचाहि धर्म होऊं लागला म्हणजे मोठी हानि होते. ती हानि कशी होते व ती कशी टाळावी, हें सांगण्यासाठीं आम्ही वाचकांपुढें एक असा तारा मांडणार आहों कीं, जो नांदेडच्या व लातूरच्या आकाशांत दरवर्षीं कित्येक महिने असतो, डोक्याच्या थोडा दक्षिणेकडून जातो, आणि तरीहि नुसत्या डोळ्यांनीं कोणासहि दिसत नाहीं. त्याचें नांव बिभा.

प्रथम तो न दिसण्याचें कारण पाहूं. ताऱ्याचें तेज ज्या मापानें मोजतात त्यास 'प्रत' म्हणतात. प्राचीन ग्रीक ज्योतिष्यांनीं अतिशय ठळक ताऱ्यांस पहिल्या प्रतीचे व जेमतेम दिसणाऱ्यांस सहाव्या प्रतीचे म्हटलें. पुढें १८५६ सालीं नॉर्मन पॉगसन या इंग्रज ज्योतिष्यानें या मापास गणिताची शिस्त लावली : पांच प्रतींचें अंतर म्हणजे तेजांत बरोबर शंभर पटींचें अंतर. हाच पॉगसन नंतर मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला व १८९१ सालीं तेथेंच निवर्तला. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका, एवढें ध्यानांत ठेवावें. मघा नक्षत्रांतील ठळक तारा १.४ प्रतीचा आहे. बिभाची प्रत ८.७ आहे. खऱ्या अंधाऱ्या रात्रीं निरोगी डोळ्यांस सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. बिभा त्या अगदीं शेवटल्या ताऱ्याहूनहि सुमारें बारा पट फिका आहे, आणि मघेच्या ताऱ्याहून तर आठशें पटींहून अधिक फिका आहे.

मग हा तारा मूळचाच मंद आहे काय ? मुळींच नाहीं. तो आपल्यापासून सुमारें ३४० प्रकाशवर्षें दूर आहे, म्हणून तो असा दिसतो. प्रकाश एका सेकंदांत सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवतो. सूर्यापासून आपल्यापर्यंत येण्यास त्यास सव्वाआठ मिनिटें पुरतात. बिभापासून येण्यास जवळजवळ साडेतीन शतकें लागतात. बिभाचें वस्तुमान सूर्याहून थोडें अधिक असून त्याचें खरें तेज सूर्याच्या दुपटीहून जास्त आहे. ज्या सूर्याकडे वैशाखांतल्या दुपारीं पाहण्याची कोणाची छाती होत नाहीं, तोच सूर्य उचलून बिभाच्या शेजारीं नेऊन ठेवला, तर येथून तो बिभाहूनहि फिका, जवळजवळ दहाव्या प्रतीचा दिसेल. म्हणूनच शास्त्रज्ञ दोन निरनिराळीं मापें ठेवतात. आपल्या जागेवरून तारा जेवढा तेजस्वी दिसतो ती त्याची दृश्य प्रत. सर्व तारे सारख्याच अंतरावर, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांवर, ठेवले असते तर तो जेवढा तेजस्वी दिसला असता ती त्याची निरपेक्ष प्रत. या दोन मापांतील भेद ज्यास समजला त्यास या लेखाचें अर्धें सार समजलें.

आतां हें अंतर काळाच्या हिशेबानें पाहूं. आज रात्रीं बिभाचा जो प्रकाश आपल्या गच्चीवर उतरेल तो ताऱ्यापासून निघाला त्या सुमारास महाराष्ट्रांत छत्रपति संभाजी महाराजांचें राज्य होतें. गुरु गोविंदसिंहजी १७०८ सालीं गोदावरीच्या कांठीं नांदेडास आले व तेथेंच त्यांचें निर्वाण झालें, तेव्हां हा प्रकाश वाटेस लागून वीसएक वर्षें झालीं होतीं. निजामाची राजवट आली, दोन शतकांहून अधिक काळ चालली, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं मराठवाडा तिच्यांतून मुक्त झाला. तोंवर हा प्रकाश अव्याहत चालतच होता. ज्यानें एवढी वाट तुडविली त्यास आपण 'दिसत नाहीं' या दोन शब्दांत निकालांत काढावें, हें न्यायाचें नव्हे.

बिभाचा रंग पिवळसर पांढरा आहे. ताऱ्याचा रंग त्याच्या पृष्ठभागाच्या उष्णतेवरून ठरतो. लोहाराच्या भट्टींत लोखंड प्रथम तांबडें होतें, मग पिवळें, आणि भाता जोरानें चालला म्हणजे पांढरें दिसूं लागतें. ताऱ्यांसहि तोच नियम लागू आहे. तांबूस ताऱ्यांची उष्णता साडेतीन हजार केल्विनच्या आसपास, आपल्या सूर्याची सुमारें ५,८०० केल्विन, आणि बिभाची सुमारें ६,००० केल्विन आहे. म्हणजे तो सूर्याचा सख्खा नव्हे, पण जवळचा भाऊबंद, किंचित अधिक तापलेला. मात्र लहान दुर्बिणींतून हा रंग ओळखूं येईल अशी आशा कोणी धरूं नये. मंद उजेडांत डोळ्याचे जे भाग काम करतात त्यांना रंग कळत नाहीं. म्हणून तेथें एक बारीक पांढरट ठिपका तेवढा दिसतो. रंग कळतो तो ताऱ्याचा प्रकाश लोलकांतून नेऊन त्याचा पट्टा तपासल्यावर. त्या पट्ट्यावरून बिभाचा वर्ग 'एफ ८' ठरला आहे. सूर्याचा वर्ग 'जी २' आहे.

हे पट्टे तपासण्याचें काम कोणीं केलें, हेंहि विद्यार्थ्यांनीं जाणून घ्यावें. अमेरिकेंतील हार्वर्ड वेधशाळेंत काचेच्या तबकड्यांवर उतरलेले हजारों ताऱ्यांचे पट्टे बारीक नजरेनें वाचण्यासाठीं स्त्रियांची नेमणूक होत असे. त्यांचें वेतन तुटपुंजें असे व त्यांस 'गणक' एवढेंच म्हणत. त्यांतील एनी जंप कॅनन यांना फारच कमी ऐकूं येत असे. या बाईंनीं एकेक पट्टा पाहून ताऱ्यांचे वर्ग ठरविले, आणि १९१८ ते १९२४ या सालांत २,२५,३०० ताऱ्यांची सूची हेन्री ड्रेपर यांच्या नांवानें प्रसिद्ध झाली. आमच्या ताऱ्याचा त्या सूचींतील क्रमांक ८६०८१ हा आहे. पुढें कित्येक वर्षें हा क्रमांक हेंच त्याचें नांव होतें.

फिके तारे मोजण्याचें हें काम आपल्या भागास अगदींच परकें आहे असेंहि नाहीं. ज्या हैदराबाद संस्थानांत आपला मराठवाडा होता, त्या संस्थानाच्या राजधानींत १९०१ सालीं निजामिया वेधशाळा स्थापन झाली. सर्व आकाशाचे फोटो घेऊन अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांचीं स्थानें ठरविण्याचा एक मोठा संकल्प त्या काळीं अनेक राष्ट्रांनीं मिळून केला होता. त्यांतील आकाशाचा एक पट्टा या वेधशाळेनें अंगावर घेतला व पार पाडला. ज्यांस कोणी डोळ्यांनीं पाहूं शकत नाहीं असे लक्षावधि तारे त्या कामगारांनीं मोजले आणि त्यांची नोंद ठेवली.

आतां हा तारा शोधावा कसा ? आपल्याकडे विवाहविधींत वधूवरांस अरुंधति दाखविण्याची चाल आहे. अरुंधति बारीक, म्हणून आधीं सप्तर्षि दाखवावे, मग त्यांतील वसिष्ठ, आणि मग त्याच्या कुशींतील तो बारीक तारा. ठळक वस्तूवरून सूक्ष्म वस्तूकडे नेण्याच्या या रीतीस आपल्या शास्त्रकारांनीं अरुंधतीदर्शनन्याय म्हटलें आहे. बिभा पाहण्यासहि हाच न्याय उपयोगी पडतो.

गुढीपाडव्याच्या आधींच्या दोन-चार रात्री यासाठीं उत्तम. आकाशांत चंद्र नसतो आणि हवा कोरडी असते. रात्रीं नऊ ते दहाच्या दरम्यान दक्षिणेकडे तोंड करून उभें राहावें. डोक्याजवळ सिंह राशींतील मघेचा ठळक तारा दिसेल. त्याच्या खालीं, थोडा उजवीकडे, वासुकीचा एकलकोंडा नारिंगी तारा दिसेल. अरबांनीं त्यास 'अल्फार्द' म्हणजे एकटा असें सार्थ नांव दिलें आहे. हे दोन तारे कोणासहि सांपडतील. आतां मघेच्या ताऱ्यापासून सरळ दक्षिणेस, हात लांब करून धरलेल्या मुठीहून थोडें अधिक अंतर उतरावें. तेथें साडेचार प्रतीचा एक बारीक तारा आहे. पोलंडांतील डान्झिग शहरीं राहणाऱ्या हेवेलियस या ज्योतिष्याचें वेध घेण्याचें षडंश यंत्र १६७९ च्या आगींत जळालें. त्याच्या स्मरणार्थ त्यानें आकाशाच्या या ओसाड कोपऱ्यास षडंश हें नांव दिलें, आणि हा बारीक तारा त्या तारकासमूहांतील सर्वांत ठळक तारा होय. या ताऱ्यापासून अल्फार्दकडे जाणाऱ्या रेषेवर एक-तृतीयांश वाट चालावी व रेषेच्या किंचित दक्षिणेस पाहावें. तेथें बिभा आहे. माथ्यावर आला असतां तो नांदेडाहून दक्षिण क्षितिजाच्या सुमारें ६७ अंश व लातुराहून सुमारें ६८ अंश वर असतो.

यासाठीं मोठी दुर्बीण लागत नाहीं. ५० मिलिमीटर भिंगांची द्विनेत्री दुर्बीण डोळ्याहून सुमारें पन्नास पट प्रकाश गोळा करते, आणि आपणांस तर बाराच पट हवा आहे. मात्र तीन नियम पाळावे लागतात. अर्धा तास अंधारांत बसून डोळ्यांस अंधाराची संवय होऊं द्यावी, आणि त्या वेळांत कोणीं मोबाइल उघडूं नये. दुर्बीण हातांत हलते, म्हणून ती भिंतीला किंवा काठीला टेकवावी. आणि तारा सांपडेना तेव्हां त्याच्यावर डोळे रोखूं नयेत. थोडें बाजूस पाहावें, म्हणजे तो डोळ्याच्या कडेस उमटतो. फिक्या वस्तूशीं थोडें अदबीनेंच वागावें लागतें.

या न दिसणाऱ्या ताऱ्याभोंवतीं त्याहूनहि न दिसणारा एक ग्रह फिरत आहे. त्याचा शोध २००६ सालीं लागला. तो गुरूच्या दीडपट वजनाचा आहे, आणि बुध सूर्यापासून जितका दूर आहे त्याच्या सुमारें दशांश अंतरावरून तो आपल्या ताऱ्याभोंवतीं दोन दिवस व तीन-सव्वातीन तासांत एक फेरा पुरा करतो. त्यास पाहिलें कोणींच नाहीं. मग तो कळला कसा ? बाप मुलाचे दोन्ही हात धरून त्यास गरगर फिरवूं लागला म्हणजे बापासहि स्वतःचा तोल सांवरीत थोडें मागें-पुढें झुलावें लागतें. काळोखांत मूल दिसलें नाहीं तरी बापाच्या झुलण्यावरून मूल आहे हें कळतें. तसाच हा तारा सेकंदास सुमारें दोनशें मीटर वेगानें आपल्याकडे व आपल्यापासून दूर झुलतो; त्याच्या पट्ट्यांतील रेषा त्याप्रमाणें सरकतात; आणि त्या सरकण्याची मोजदाद करून ग्रह ओळखला गेला.

आतां नांवाची हकीकत. १९१९ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघास शंभर वर्षें झालीं तेव्हां, २०१९ सालीं, संघानें शंभरांहून अधिक देशांस एकेक तारा व त्याचा ग्रह नांव ठेवण्यास दिला. अट अशी कीं, तो तारा त्या देशांतून लहान दुर्बिणीनें दिसावा. भारताच्या वांट्यास हा क्रमांक ८६०८१ चा तारा आला. लोकांनीं नांवें सुचविलीं, मतें दिलीं, आणि डिसेंबर २०१९ मध्यें निकाल जाहीर झाला. ताऱ्याचें नांव सुरतेच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यानें सुचविलेलें 'बिभा' हें ठरलें. ग्रहाचें नांव पुण्यांतील तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलानें सुचविलेलें होतें : 'संतमस', म्हणजे सर्व बाजूंनीं दाटलेला काळोख. आमच्या बालमित्रांनीं याची नोंद घ्यावी. महाराष्ट्रांतील एका मुलानें, तुमच्याच वयाच्या, संस्कृत कोशांतला एक शब्द उचलला आणि तो ३४० प्रकाशवर्षांवरच्या एका जगास कायमचा चिकटला.

'बिभा' हा आपल्या 'विभा' या शब्दाचा बंगाली उच्चार आहे, अर्थ, प्रकाश. पण हें नांव नुसत्या अर्थासाठीं दिलेलें नाहीं. बिभा चौधुरी या विदुषीचा जन्म १९१३ सालीं कलकत्त्यास झाला. कलकत्ता विश्वविद्यालयांतून १९३६ सालीं त्यांनीं पदार्थविज्ञानांत एम्. एस्सी. पदवी घेतली, तेव्हां त्या वर्गांत त्या एकट्याच स्त्री होत्या. नंतर देवेंद्रमोहन बोस यांच्या हाताखालीं त्यांनीं दार्जिलिंगसारख्या उंच डोंगरांवर फोटोच्या तबकड्या महिनोन्महिने ठेवून, अंतराळांतून येणाऱ्या किरणांनीं त्यांवर काढलेल्या सूक्ष्म रेघा तपासल्या, आणि त्यांतून मेसॉन नांवाच्या कणांच्या वस्तुमानाचा अंदाज केला. त्यांचे लेख 'नेचर' पत्रांत छापले गेले. परंतु महायुद्धाचा काळ होता. अधिक चांगल्या तबकड्या हिंदुस्थानांत मिळेनात, आणि काम तेथेंच थांबलें. पुढें सेसिल पॉवेल यांनीं इंग्लंडांत उत्तम तबकड्या वापरून याच रीतीचें काम पुरें केलें आणि १९५० सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. पॉवेल यांचा अधिकार मोठा होता, यांत संशय नाहीं. पण जिनें तीच वाट साध्या सामग्रीनें आधीं चालून दाखविली तिचें नांव लोक विसरले.

बिभाबाईंनीं पुढें मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेंत काम करून डॉक्टर ही पदवी मिळविली. १९४९ सालीं होमी भाभा यांच्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्या रुजू झाल्या. तेथील त्या पहिल्या स्त्री-संशोधक होत. १९९१ सालीं त्यांचा अंत झाला. देशांतील थोर विज्ञानपरिषदांनीं त्यांना सदस्यत्वाचा मान दिला नाहीं. २०१८ सालीं त्यांचें चरित्र प्रसिद्ध झालें, आणि दुसऱ्या वर्षीं हा तारा त्यांच्या नांवाचा झाला. त्यांच्या हयातींत त्यांची दृश्य प्रत फार फिकी होती. निरपेक्ष प्रत कोणी मोजलीच नव्हती.

येथवर आम्हीं ताऱ्याची हकीकत सांगितली. आतां ज्यासाठीं ती सांगितली तें सांगतों, आणि हें विशेषतः पालकवर्गास उद्देशून आहे.

नांदेड व लातूर हीं आज विद्येचीं मोठीं केंद्रें म्हणून गाजत आहेत. 'लातूर पॅटर्न' हा शब्द साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. वैद्यकीच्या व यंत्रविद्येच्या प्रवेशपरीक्षांसाठीं गांवोगांवचीं हजारों मुलें येथें येऊन राहतात. आणि निकाल लागला कीं चौकाचौकांतल्या फलकांवर यशस्वी मुलांचे फोटो झळकतात. या मुलांच्या श्रमांचें आम्हांस कौतुक आहे. शेताचा तुकडा गहाण टाकून शिकवणीचें शुल्क भरणाऱ्या बापाची निष्ठा आम्हीं जवळून पाहिली आहे. तिला हंसणारा मनुष्य कृतघ्न होय. परीक्षा हवी, मेहनत हवी, गुणहि हवेत. आमचें म्हणणें एवढेंच कीं, गुणपत्रिका ही दृश्य प्रत आहे. ती खोटी नाहीं; पण ती मुलाचें तेज आणि मुलाचें अंतर यांचा मिळून झालेला हिशेब आहे, नुसत्या तेजाचा नव्हे.

हें अंतर म्हणजे काय ? ज्याच्या घरांत तीन पिढ्यांचीं पुस्तकें आहेत तें मूल परीक्षेच्या अगदीं शेजारीं जन्मलें. किनवट-माहूरच्या तांड्यावरून आलेलें, घरांत पहिलेंच अक्षर गिरविणारें मूल दूर जन्मलें. दसरा-दिवाळीनंतर ज्याचे आईबाप ऊसतोडीस जातात आणि ज्याची शाळा अर्ध्यावर सुटते, तें त्याहूनहि दूर. आणि जी मुलगी पाणी भरून, भाकरी थापून, धाकट्या भावास झोंपवून मग वहीला हात लावते, तिचें अंतर कोणत्या प्रकाशवर्षांत मोजावें ? या सर्वांस एकाच यादींत, एकाच आंकड्याखालीं बसवून 'हा हुशार, हा मंद' असा निवाडा करणें म्हणजे बिभाला सूर्याहून हलका ठरविणें होय. ज्योतिषी अशी चूक करीत नाहीं. तो अंतर विचारल्याशिवाय तेज सांगत नाहीं. आईबापांनीं व आम्हां शिक्षकांनीं एवढें तरी शास्त्र पाळावें.

कोणी म्हणतील, 'हें बोलणें गोड आहे. पण महाविद्यालयाच्या दारांत अंतर कोण विचारतो? तेथें आंकडाच पाहतात.' ही गोष्ट खरी आहे, आणि आम्ही ती नाकारीत नाहीं. दारावरच्या माणसाजवळ आंकड्यावांचून दुसरें माप नसेल. पण घर हें दार नव्हे. ज्या घरांत मूल सोळा वर्षें वाढलें तेथेंहि त्याच्याकडे दारावरच्या माणसाच्याच दृष्टीनें पाहिलें जाऊं लागलें, तर त्या मुलास दुसरीकडे पाहणारें कोण उरलें ? निकालाच्या रात्रीं जीं मुलें तोंड लपवून बसतात, कांहीं तर जिवावर उदार होतात, तीं परीक्षेनें तितकीं खचत नाहींत जितकीं घरच्या नजरेनें खचतात. त्या रात्रीं बापानें मुलाच्या पाठीवर हात ठेवून 'तुझें माप मला ठाऊक आहे' एवढेंच म्हटलें तर पुरे. मात्र तें खरें म्हणतां यावें यासाठीं आधींचीं सोळा वर्षें पाहण्यांत घालविलेलीं असावीं लागतात.

आणि पाहण्याचा अभ्यास करावयाचा तर आकाशासारखी दुसरी शाळा नाहीं. दुःख इतकेंच कीं, ही शाळा आपण आपल्याच हातांनीं बंद करीत आहों. आपल्या दोन्ही शहरांत रस्त्यावरचे, इमारतींवरचे व फलकांवरचे दिवे रात्रभर वर तोंड करून जळतात. तो उजेड जमिनीवरच्या कोणाच्या कामीं येत नाहीं; तो धुळीवर पसरून आकाशास पांढुरका पडदा घालतो, आणि सहाव्या प्रतीचें तर राहोच, चवथ्या प्रतीचेहि तारे त्यांत बुडतात. बिभा मुळांतच दिसत नाहीं. पण ज्या षडंशाच्या ताऱ्यावरून त्याकडे जावयाचें तोच दिसेनासा झाला तर वाटच मोडली. आपल्याच राज्यांत, विदर्भांतील पेंचच्या व्याघ्रप्रकल्पानें जवळच्या गांवांतील दिव्यांचीं तोंडें जमिनीकडे वळविलीं, आणि जानेवारी २०२४ मध्यें त्यास भारतांतील पहिलें 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. तेथें दिवे विझविले नाहींत. फक्त योग्य दिशेस वळविले. जें जंगलाकांठच्या खेड्यांस साधलें तें आपणांस कां साधूं नये ?

शिवाय आपल्या शेजारीं, हिंगोली जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ, गुरुत्वाच्या लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' ही प्रयोगशाळा उभारण्यास २०२३ सालीं केंद्र सरकारनें संमति दिली आहे. तेथें ज्याचा शोध घ्यावयाचा तें तर कोणत्याच दुर्बिणींतून दिसणारें नाहीं. सूक्ष्म पाहण्याची ही विद्या आपल्या उंबरठ्याशीं येत असतां आपल्या मुलांस मघा कोणती हें ठाऊक नसावें, हें शोभत नाहीं.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक शाळेनें एक द्विनेत्री दुर्बीण घ्यावी; एखाद्या समारंभाच्या मंडपाच्या खर्चांत ती येते. दुसरी, वर्षांतून एक रात्र, पाडव्याआधींच्या अमावास्येस, पालकांनीं मुलांसह गांवाबाहेर, औशाच्या किंवा कंधारच्या बाजूस एखाद्या ओळखीच्या शेतांत, दोन तास बसावें व अरुंधतीच्या न्यायानें बिभापर्यंत जावें. परीक्षेंत यावर प्रश्न येणार नाहीं, हेंच या रात्रीचें वैशिष्ट्य. तिसरी, ज्याच्या घरावर वर तोंड करून जळणारा दिवा आहे त्यानें त्यावर पत्र्याचें एक झांकण बसवावें. यांतलें कोणतेंहि काम सरकारच्या हुकुमाची वाट पाहण्याजोगें नाहीं.

सृष्टिकर्त्यानें तारे केले तेव्हां त्यानें सर्वच आपल्या अंगणाजवळ ठेवले नाहींत. कांहीं जवळ ठेवले, कांहीं फार दूर ठेवले. पण दूर ठेवलेल्यांस त्यानें तेज कमी दिलें, असें मानण्यास आधार नाहीं. त्याच्या मोजणींत ते सर्व आहेत. आपली दृष्टि तोकडी आहे, आणि ती तोकडी आहे हें ओळखून तिला भिंगाची, धीराची व प्रीतीची जोड देणें, यासच शिक्षण म्हणतात. आपल्या वर्गांत मागच्या बांकावर, आपल्या घरांत कोपऱ्यांत, एखादें मूल गप्प बसलेलें असेल. त्याची प्रत ठरविण्यापूर्वीं तें किती दुरून आलें आहे, एवढें एकदां विचारावें.